लेबलवर एक ओळ वाढवा : लस घडवणाऱ्यांना एका फ्रीज मेकॅनिकचं खुलं पत्र

प्रति,
पुण्यात, हैदराबादेत आणि जिथे जिथे लस घडते तिथल्या प्रयोगशाळांतली, कारखान्यांतली आणि परवान्याचे कागद तयार करणारी सर्व मंडळी,

स. न. वि. वि.

मी फ्रीज मेकॅनिक. सरकारी कागदावर 'शीतसाखळी तंत्रज्ञ' असं भारदस्त नाव होतं, पण आरोग्य केंद्रातले शिपाई, ड्रायव्हर आणि सिस्टर यांच्या तोंडी शेवटपर्यंत 'फ्रीजवाले भाऊ'च राहिलो. खानदेशातल्या एका जिल्हा परिषदेत १९९४ पासून २०२४ पर्यंत लसींचे फ्रीज, डीप फ्रीझर आणि स्टॅबिलायझर दुरुस्त केले. शिक्षण आयटीआय. त्यामुळे जिवाणू, प्रतिपिंडं वगैरे विषयांत मी तुम्हाला काही शिकवायला बसलेलो नाही. मात्र तुमची लस कारखान्यातून निघून बाळाच्या मांडीत शिरेपर्यंत ज्या ज्या पेटीतून जाते, ती प्रत्येक पेटी मी आतून पाहिली आहे. तेवढ्याच अधिकारात हे पत्र.

हल्ली तुमच्या भाषणांत दोन गोष्टी वारंवार येतात. एकाच डोसात काम भागवणारी लस आणि उष्णतेत टिकणारी लस. ऐकून बरं वाटतं. अशी लस घरोघर पोचली तर माझ्या जागी आलेल्या पोराच्या निम्म्या रात्री झोपेत जातील. पण 'टिकणारी' म्हणजे नेमकी किती अंशात, किती दिवस आणि हे कोणी कुठे लिहून दिलंय, यावर गाडी अडते. ती कशी अडते ते आधी सांगतो.

मे महिना होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राचा ट्रान्सफॉर्मर जळाला. बाहेर पारा त्रेचाळीसच्या पुढे. लसीचा फ्रीज घरातल्या फ्रीजसारखा नसतो, हे तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. त्याचं दार वर असतं, म्हणजे उघडलं तरी गार हवा खाली सांडत नाही, आणि भिंतींत बर्फाचं अस्तर असतं. म्हणून त्याला आयएलआर, म्हणजे 'आइस लाइन्ड रेफ्रिजरेटर' म्हणतात. दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी तो चोवीस तास निभावतो. इथे दुसरा दिवस मावळायला आला तरी वीज नव्हती, आणि जनरेटरला डिझेल नव्हतं. मी पोचलो तेव्हा आतला थर्मामीटर अकरा दाखवत होता. झाकण उघडू नका म्हणून सांगितलं, बाजारातल्या गोळेवाल्याकडून बर्फाची लादी आणली, ती फोडून आइसपॅकांभोवती रचली आणि रात्री दीडला जीपमधून सगळी लस दुसऱ्या केंद्रात हलवली.

तिथे टॉर्चच्या उजेडात आम्ही एकेक कुपी पाहिली. प्रत्येकीवर तो छोटा गोल असतो, व्हीव्हीएम. जांभळ्या वर्तुळात फिका चौकोन. कुपीनं आजवर सोसलेली सगळी उष्णता तो चौकोन साठवतो आणि हळूहळू गडद होत जातो. वर्तुळाच्या रंगाला पोचला की लस बाद. त्या रात्री एकाही कुपीचा चौकोन ढळलेला नव्हता. अगदी पोलिओचे थेंबसुद्धा ठीक होते, आणि उन्हाला त्यांच्याइतकं नाजूक पेटीत दुसरं काही नसतं.

तरी ती सगळी लस सकाळी खड्ड्यात गेली. कारण लेबलवर छापलेलं होतं '२ ते ८ अंश', नोंदवहीत लिहिलेलं होतं 'अकरा', आणि या दोन आकड्यांच्या मध्ये सही करायला कोणी तयार नव्हतं. व्हीव्हीएम काय सांगतो ते डॉक्टरांनाही कळत होतं, मलाही कळत होतं. डॉक्टर एवढंच म्हणाले, ''उद्या एखाद्या पोराला ताप भरला तर हे अकरा कोणाच्या नावावर?'' मला उत्तर देता आलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही सही केली नसती.

ती रात्र मी तुमच्या नावावर मांडत नाही. पण त्या लेबलवरचं वाक्य तुमचं होतं, आणि माझी सगळी मागणी त्या एका वाक्याभोवती आहे.

आता एक उलटी गोष्ट. ती पुण्याची आहे, म्हणून सांगताना छाती थोडी फुगते.

आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत एक पट्टा आहे. तिथे कोरड्या वाऱ्यांच्या दिवसांत मेंदूज्वराची साथ येते. मेनिंजोकॉकस नावाच्या जिवाणूचा 'ए' गट हा तिथला मुख्य गुन्हेगार. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि पंचवीस हजारांच्या आसपास गेले. लस तेव्हाही होती, पण जुन्या पद्धतीची. साथ सुरू झाली की धावत जाऊन टोचायची, दोन-तीन वर्षं पुरायची, लहान बाळांवर फारशी चालायची नाही. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांनी गेट्स फाउंडेशनच्या पैशांवर नव्या लसीचा प्रकल्प हाती घेतला. आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी एकच अट घातली : डोस पन्नास सेंटच्या आत बसला पाहिजे, नाहीतर आम्हाला परवडणार नाही. त्या भावात मोठ्या परदेशी कंपन्यांशी बोलणी जुळली नाहीत. काम आलं पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटकडे. जिवाणूच्या अंगावरची साखर आणि धनुर्वाताच्या लसीतलं प्रथिन एकमेकांना जोडायचं तंत्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून आलं. नुसती साखर दोन वर्षांखालच्या बाळाच्या शरीराला नीट ओळखता येत नाही. तिला प्रथिनाचं शेपूट लावलं की शरीर ती ओळखतं आणि लक्षातही ठेवतं.

६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोमध्ये मोहीम सुरू झाली. एक ते एकोणतीस वर्षं वयाच्या सगळ्यांना एक सुई. काही दिवसांत एक कोटीहून जास्त लोकांना टोचून झालं. पुढे दोन डझन देशांत ती लस गेली आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात 'ए' गटाचा एकही पक्का रुग्ण सापडलेला नाही. मेनाफ्रिव्हॅक तिचं नाव. तिची धाकटी भावंडंही आली. पाच गटांवर चालणारी मेनफाइव्ह २०२४ च्या मार्चमध्ये नायजेरियात पहिल्यांदा टोचली गेली.

हे सगळं तुम्हाला पाठ असेल. मला त्यातलं २०१२ साल जास्त महत्त्वाचं वाटतं. लस बाजारात येऊन दोन वर्षं झाली होती. ती कोरडी भुकटी होती, त्यामुळे मुळातच काटक होती. तिच्या टिकाऊपणाची माहिती नीट मांडून परवानगी मागितली गेली, आणि आपल्या औषध नियंत्रकांनी व जागतिक आरोग्य संघटनेनं ती दिली : टोचण्याआधीचे चार दिवस ही लस ४० अंशांपर्यंत शीतपेटीबाहेर चालेल. त्याच वर्षी नोव्हेंबरात बेनिन देशाच्या बानिकोआरा भागात दीड लाखांवर लोकांना बर्फाविना लस दिली गेली.

तिथे लस तीच होती. भुकटीतला एक कणही बदलला नव्हता. आदल्या वर्षी बर्फात गाडून नेलेली कुपी आणि त्या वर्षी झोळीत टाकून नेलेली कुपी यांत फरक होता तो छापलेल्या एका ओळीचा.

त्या ओळीची किंमतही नंतर मोजली गेली. चाडमधल्या मोहिमेचा हिशेब असा निघाला की नेहमीच्या शीतसाखळीत ने-आणीचा खर्च माणशी २४ सेंट येतो, आणि ही सवलत वापरली तर १२. लसच पन्नास सेंटच्या आत, त्यात ने-आणीचे बारा वाचले. आमच्या भाषेत सांगायचं तर बर्फ गोठवायला लागणारे डीप फ्रीझर, ते चालवायला लागणारं डिझेल, बर्फ बदलायला रोज परत येणारी जीप आणि ते सगळं बिघडल्यावर धावणारा माझ्यासारखा एक माणूस, एवढं वाचलं.

तुम्ही म्हणाल, हे आफ्रिकेचं झालं, आपल्याकडे शीतसाखळी भक्कम आहे. आहे, मान्य. मी लागलो तेव्हा फ्रीजमध्ये घड्याळासारखा काटेवाला थर्मामीटर असायचा आणि तक्त्यावर दिवसातून दोनदा तापमान लिहायचं असायचं, रविवारीसुद्धा. काही तक्ते महिन्याच्या शेवटी एकाच पेनानं, एकाच हातानं भरलेले दिसायचे. तीस दिवस, साठ नोंदी, सगळीकडे चार अंश! पुढे ई-विन आलं. फ्रीजमध्ये सेन्सर बसला, तापमान सरकलं की फोनवर मेसेज. त्यानं खोटे तक्ते बंद केले आणि माझी झोपही बंद केली. पण ती यंत्रणा फ्रीजपर्यंतच पाहते. फ्रीजच्या पुढचा रस्ता सिस्टरच्या खांद्यावर असतो.

खांद्यावरच्या त्या निळ्या डब्यात चार आइसपॅक. ते फ्रीझरमधून काढून लगेच भरायचे नाहीत. टेबलावर ठेवायचे, अंगाला घाम फुटू द्यायचा, मग कानाशी धरून हलवायचे. आत पाणी खळखळलं की भरायचे. याला पाऊण तास जातो, थंडीत त्याहून जास्त. आणि सिस्टरला सातची जीप गाठायची असते. पुढे ओढा, मग चढण, नर्मदेच्या फुगवट्याच्या गावांना तर बोट. एका डिसेंबरात वरच्या पाड्यावर जाणाऱ्या सिस्टरनं घाईत कडक बर्फ तसाच भरला. मी त्या दिवशी योगायोगानं तिकडेच होतो. डबा उघडला तर पेंटाव्हॅलंटच्या, म्हणजे पाच आजारांवरच्या लसीच्या कुपीवर पांढरं दव होतं. कुपी वितळू दिली, हलवली, उजेडात धरली. ताकात दही फुटावं तसे कण तळाशी बसायला लागले. शेजारी चांगली कुपी धरली होती, ती दुधासारखी एकसारखी. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात वगैरे सगळ्यांविरुद्धची लस त्या कुपीत मेली होती, आणि व्हीव्हीएमचा चौकोन मात्र फिकाच. त्याला उष्णता कळते, गारठा कळत नाही.

सिस्टर रडकुंडीला आल्या. ''भाऊ, गरम झाली तर शिव्या, गार झाली तर शिव्या. आम्ही न्यायची तरी कशी?''

माझा अनुभव विचाराल तर माझ्या जिल्ह्यात उन्हापेक्षा बर्फानं जास्त लस मारली. लस तापू नये या धास्तीनं ती गोठते. म्हणून 'उष्णतेत टिकते' हे लेबलवर आलं तर त्याचा पहिला फायदा उन्हाळ्यात दिसणार नाही, हिवाळ्यात दिसेल. बर्फच न्यायचा नसला तर गोठवणार काय? ही बाजू तुमच्या भाषणांत कधी ऐकली नाही.

आता जिवाणूंच्या ज्या आजारासाठी मी हे पत्र खास लिहितोय त्याकडे येतो. आमच्याकडे त्याला मुदतीचा ताप म्हणतात. पुस्तकात विषमज्वर, दवाखान्यात टायफॉईड. मुदतीचा म्हणजे उतरायला आपली मुदत घेणारा. माझ्या थोरल्या बहिणीला झाला होता तेव्हा आईनं तिचे एकवीस दिवस भाताची पेज आणि उकळलेलं पाणी यावर काढले. केस गेले होते तिचे. आज मुदत कमी झालीय, कारण इंजेक्शनं आली. पण ती इंजेक्शनंही चालेनाशी होतायत. पाकिस्तानात सिंध प्रांतात २०१६ पासून असा टायफॉईड पसरला की बहुतेक प्रतिजैविकांनी हात टेकले. गोळीचं औषध उरलं ते ॲझिथ्रोमायसिन. त्यांनी २०१९ मध्ये टायफॉईडची संयुग्म लस, म्हणजे मेनाफ्रिव्हॅकसारखी साखरेला प्रथिन जोडलेली, नेहमीच्या लसीकरणात घेतली, तसं करणारा तो पहिला देश. आणि ती लस कुठली? आपल्या हैदराबादची, भारत बायोटेकची. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळालेली त्या जातीची पहिली लस. सहा महिन्यांच्या बाळापासून पुढे एकच डोस.

सरकारी मोहिमेत ही लस वापरून पाहण्याचा जगातला पहिला प्रयोगही आपल्या महाराष्ट्रातच झाला, नवी मुंबईत. २०१८ च्या पावसाळ्यात तिथल्या महापालिकेनं नऊ महिने ते चौदा वर्षं वयाच्या एक लाखाहून जास्त मुलांना ती टोचली. देशाच्या लसीकरण सल्लागार गटानं २०२२ मध्ये शिफारसही केली. मी निवृत्त झालो त्या दिवसापर्यंत ती आमच्या पेटीत मात्र आली नव्हती. आमच्या तालुक्यातल्या ज्या आईबापांना हवी होती त्यांनी खासगीत पदरचे हजार-दोन हजार मोजले. ऊसतोडीला गुजरातेत जाणारं कुटुंब ते मोजत नाही, आणि मुदतीचा ताप नेमका त्यांच्या पालावरच्या पाण्यात असतो. पैशांचं हे गाऱ्हाणं तुमच्या दारात नाही, दिल्लीच्या दारात आहे, हे मला कळतं. तुमच्या दारातलं वेगळं.

टायफॉईडच्या जिवाणूवरची साखर अंगानं काटक आहे. मेनिंजोकॉकस 'ए'ची साखर पाण्यात राहिली की हळूहळू तुटते, म्हणून तिची भुकटी करावी लागली. ही तशी तुटत नाही, म्हणून लस पातळ स्वरूपात मिळते, कालवायची भानगड नाही. तिच्या कुपीवर जो व्हीव्हीएम असतो तो ३० नंबरचा, म्हणजे ३७ अंशात तीस दिवस तग धरणाऱ्या लसींना लावतात तो. एवढी दणकट वस्तू, एकच डोस, शाळेत रांग लावून टोचता येण्यासारखी. अशी लस आमच्याकडे येईल तेव्हा तीही बाकीच्यांसोबत बर्फातच जाणार असेल तर तिच्या दणकटपणाचा सातपुड्याला काय उपयोग?

ज्यांच्या लसीच्या कागदांत उष्णतेची सवलत आधीच मंजूर आहे, त्यांनी ती कागदांत ठेवू नये. खोक्यावर मराठीत, हिंदीत, ठळक अक्षरांत छापावी : अमुक अंशांपर्यंत, अमुक दिवस, पेटीबाहेर चालेल. ज्यांनी चाचणीच केली नाही त्यांनी ती करावी. आणि जे अजून घडवतायत त्यांच्यासाठी तर हीच वेळ आहे. पुण्यात टायफॉईड आणि पॅराटायफॉईड 'ए' या दोन्हींवर एकाच सुईत चालेल अशा लसीवर काम सुरू आहे. त्या मंडळींना हात जोडून विनंती, उष्णतेचा प्रश्न शेवटच्या कागदासाठी ठेवू नका. माणसांवरची चाचणी चालू असतानाच काही कुप्या ४० अंशांच्या कपाटात ठेवा आणि आठवड्या-आठवड्यानं तपासा. परवाना मागायला जाल तेव्हा ती ओळ सोबत घेऊनच जा. नंतर ती घालायची म्हटलं की पुन्हा चाचण्या, पुन्हा कागद, पुन्हा वर्षं. हे होऊ शकतं याचे दाखले आहेत. हैदराबादच्याच शांता बायोटेकच्या शानकॉल या तोंडावाटे द्यायच्या कॉलरा लसीला ४० अंशांत चौदा दिवसांची सवलत मिळाली होती. ती तर पातळ लस!

एक माझंच म्हणणं मी खोडून ठेवतो, म्हणजे तुम्हाला खोडायला नको. गावातल्या नेहमीच्या लसीकरण सत्रात टायफॉईडची कुपी एकटी नसते. तिच्या शेजारी पोलिओ असतो, गोवर-रुबेला असतो. त्यांना बर्फ लागतोच. मग एका लसीला सवलत मिळून काय साधलं? त्या दिवशी काहीच नाही. साधतं ते शाळांच्या मोहिमेत, पूर आल्यावर, जत्रेच्या गावात, ऊसतोडीच्या पालांवर. जिथे एकच लस घेऊन दोन-तीन दिवस मुक्कामी फिरायचं असतं तिथे. माझ्या भागात अशी ठिकाणं कमी नाहीत. होळीच्या आधी सगळी माणसं डोंगरात परत येतात आणि होळीनंतर पुन्हा पांगतात. तेवढ्या आठ दिवसांत पाड्यापाड्यांत पोचायचं, आणि दर संध्याकाळी बर्फ बदलायला चाळीस किलोमीटर खाली उतरायचं. सिस्टरचा निम्मा दिवस बर्फासाठी जातो.

दुसरा आक्षेपही कानावर आहे. सवलत दिली तर खालची माणसं गोंधळतील, सगळ्याच लसी उन्हात ठेवतील. मला याचा राग येतो, पण थोडं तथ्य आहे म्हणून जास्त येतो. एकदा एका उपकेंद्रात लसीच्या फ्रीजमध्ये मी पाण्याच्या बाटल्या आणि कोणाचा तरी श्रीखंडाचा डबा पाहिलाय. पण त्यावर उपाय आहेत. व्हीव्हीएमच्या जोडीला एक छोटं कार्ड मिळतं, तापमान ठरलेल्या अंशापुढे गेलं की त्याचा रंग उलटतो. कुपीवर पेनानं तारीख टाकायची, चार दिवस झाले की बाद. उघड्या कुपीवर तारीख टाकायला आम्ही शिकलोच की. उघडलेली कुपी अठ्ठावीस दिवसच वापरायची, तो नियम आज आशाताईसुद्धा न चुकता सांगते. खालच्या माणसाला आकडा द्या, तो पाळतो. त्याला 'काळजी घ्या' एवढंच सांगितलं की तो घाबरतो आणि लस खड्ड्यात टाकतो.

'एकच डोस' या शब्दाबद्दल थोडं बोलायचं राहिलं. तुम्ही एक डोस म्हणता तेव्हा एका माणसाला आयुष्यात एकदा, असा अर्थ असतो. आमच्या सिस्टरला त्या शब्दात दुसरंच ऐकू येतं : एका कुपीत एक डोस.

बीसीजीचं घ्या. क्षयाच्या जिवाणूविरुद्धची, जन्मल्यावर एकदाच द्यायची. तुमच्या अर्थानं पक्की एका डोसाची लस. कुपी मात्र दहा डोसांची, आणि भुकटी कालवली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. पाड्यावर एकच बाळ जन्मलेलं असतं. नियम सांगतो, एका बाळासाठीही कुपी फोडा. महिन्याच्या आढावा बैठकीत मात्र वाया गेलेल्या डोसांचा आकडा विचारतात. मग काय होतं? ''बाई, पुढच्या बुधवारी या, अजून दोन बाळं येणार आहेत.'' ती बाई ओलं बाळंतपण घेऊन आठ किलोमीटर चालून आलेली असते. पुढच्या बुधवारी ती नवऱ्यासोबत सुरतेला असते. मी स्वतः पाहिलंय असं परत जाणं, त्या बाईची पाठ अजून आठवते, पदरात गुंडाळलेल्या बाळाचा एक पाय बाहेर लोंबत होता.

एका डोसाची कुपी महाग पडते, जागा जास्त खाते, हे मला नका सांगू, फ्रीजची जागा मोजण्यात आयुष्य गेलं माझं. पण जी लस काही दिवस फ्रीजबाहेर राहू शकते तिच्या बाबतीत हा जागेचा मुद्दा किती उरतो, याचा हिशेब एकदा मांडून पाहा. उष्णतेत टिकणं आणि कुपी लहान असणं या दोन गोष्टी तुम्ही वेगवेगळ्या टेबलांवर ठरवता. सिस्टरच्या डब्यात त्या एकत्र येतात.

मोठ्या बाटलीची एक जुनी कथाही आहे. परळच्या प्रयोगशाळेत हाफकिनसाहेब प्लेगची लस बनवत. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं गेली. दोष आला प्रयोगशाळेवर, हाफकिनना पद सोडावं लागलं. पुढे कळलं की बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. निर्दोष ठरायला त्यांना १९०७ साल उजाडलं. तेव्हा उघड्यावर झालेल्या चुकीचा डाग प्रयोगशाळेला लागला. माझ्या तीस वर्षांत मी याच्या बरोबर उलट पाहिलं, लेबलमधल्या मौनाचा मेमो सिस्टरला मिळताना. तेव्हा तुम्हालाही यात थोडा स्वार्थ आहे असं समजा.

शेवटी भुकटीवाल्यांना एक सांगतो. आमच्याकडच्या बायका चैत्रात कुरडया-पापड वाळवतात, वर्षभर टिकतात, त्यामुळे कोरडं टिकतं हे आम्हाला कोणी समजावायला नको. पण कोरड्या लसीबरोबर कालवायचं पाणी येतं. मेनाफ्रिव्हॅकच्या त्या पाण्यात ॲल्युमिनियमचा क्षार होता, आणि असं पाणी गोठलं की गेलं. म्हणजे भुकटी उन्हाला भीत नाही आणि पाणी बर्फाला भितं. पाण्याच्या कुपीवर गारठ्याची खूण दाखवणारा एखादा ठिपका, व्हीव्हीएमसारखाच स्वस्त, तुम्ही बसवू शकलात तर कुपी हलवून उजेडात कण शोधत बसायची वेळ कोणावर येणार नाही. चष्मा लागल्यापासून मला ते कण नीट दिसायचे नाहीत, हे साहेबांना मी कधी सांगितलं नाही. इथे सांगून टाकतो.

तुमच्यापैकी कोणाला हे सगळं कागदावर पटत नसेल तर मे महिन्यात इकडे या. माझ्याकडे तीन थर्मामीटर आहेत, दोन काट्याचे आणि एक डिजिटल, तिन्ही बरोबर चालतात. सकाळी सहाला केंद्रातून सिस्टरसोबत निघू. तुमची एक कुपी बर्फात ठेवू, एक माझ्या शबनममध्ये. जेवण वरच्या पाड्यावर, मक्याची भाकरी आणि भाजी मिळेल. संध्याकाळी परतल्यावर दोन्ही कुप्या तुमच्या प्रयोगशाळेत न्या आणि तपासा. आकडा येईल तो छापा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त फ्रीजवाला